गाडीआईचा कौल

मेल तळेगावला थांबत नाही हे तळेगावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. फक्त नवरदेवाच्या वडिलांना, गंगाधरपंतांना, ठाऊक नव्हतं, आणि सांगून पटतही नव्हतं. नवरीकडून वऱ्हाड आणायला मी पुण्याला गेलो होतो. पुण्याच्या स्टेशनात लष्करी गाड्यांच्या गर्दीत आमची पॅसेंजर रखडली, वैशाखाचं ऊन पत्र्यातून खाली उतरायला लागलं, आणि तेवढ्यात मुंबईची मेल फलाटाला लागली. गंगाधरपंत उठले. त्यांच्या साडूंची रेल्वेत ओळख होती म्हणे. लग्नाचं वऱ्हाड आहे म्हटल्यावर तळेगावला गाडी मिनिटभर उभी करतील. मी म्हटलं, पंत, युद्ध चाललंय, लाटसाहेबाचं लग्न असलं तरी कुणी गाडी उभी करणार नाही. त्यावर, गणिताच्या मास्तरांना व्यवहार कळत नाही असं मला ऐकवून ते नवरदेवाचा हात धरून डब्यात चढले. त्यांच्यामागून बायका चढल्या, बोचकी चढली, आणि शेवटी मीही चढलो. नवरदेवच निघाल्यावर मी फलाटावर बसून काय करणार होतो?

तळेगाव आलं आणि गेलं. वऱ्हाडाला न्यायला आलेले टांगे आणि हार हातात घेऊन उभा असलेला माझा धाकटा भाऊ खिडकीसमोरून सर्रकन मागे गेले. पंत म्हणाले, वेग कमी झाला होता हो, थांबणारच होती. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर सोयरीक मोडली असती.

आणि ती मोडून चालणार नव्हतं. अरुंधती माझी भाची. तिचे वडील गेल्यापासून माझ्याच घरात वाढलेली. दोन वर्षांपूर्वी तिचं एक लग्न ठरलं होतं. मांडव पडला, पानं मांडली, ती पिवळी अष्टपुत्री नेसून गौरीहरापाशी बसली, आणि तिकडची मंडळी आलीच नाहीत. का आली नाहीत ते आजवर कुणी धड सांगितलं नाही. पोर दिवेलागणीपर्यंत तशीच बसून होती, ओंजळीतून तांदूळ सोडत. मी तिला उठवायला गेलो तर म्हणाली, "मामा, अजून थोडा वेळ." त्यानंतर गावात जे बोललं गेलं ते मी इथे लिहिणार नाही. पण आज पुन्हा ती त्याच पाटावर बसली असणार, आणि आजही नवरा वेळेवर आला नाही तर तिला तिसऱ्यांदा बसायला मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? मुहूर्त गोरज होता. दिवस मावळताना अक्षता पडायच्या होत्या.

घाट उतरण्याआधी सगळ्याच गाड्या लोणावळ्याला थांबतात म्हणून आम्ही निदान तिथे उतरलो, नाहीतर पंतांनी आम्हाला बोरीबंदर दाखवलं असतं. पुण्याकडे जाणारी गाडी कधी, असं विचारलं तर स्टेशनातला बाबू हसला. लष्कराच्या गाड्या आधी, मग बाकीच्या. रात्री एखादी सुटेल, किंवा सुटणारही नाही. टांगेवाले तळेगावचं नाव काढताच मान फिरवत. एकजण म्हणाला की घोडं कामशेतातच आडवं होईल, मग त्याला ओढायला तुम्ही येणार का? मोटारवाल्यांपाशी मोटारी होत्या, पेट्रोल नव्हतं. या सगळ्या धावपळीत चार वाजून गेले. तेवढ्यात पंतांना चहाची तल्लफ आली.

कुणीतरी सांगितलं की तुंगार्लीच्या वाटेवर मुंबईच्या एका शेठचा बंगला आहे, तिथल्या माळ्याकडे बैलगाडी आहे. बैलगाडीने तळेगाव गाठायला पहाट झाली असती, हे गणित मला येत होतं. पण माणूस बुडायला लागला की काडीसुद्धा धरतो. बायकांना आणि बोचक्यांना स्टेशनावर बसवून मी निघालो. पंत आणि नवरदेव मागून आले. नवरदेव म्हणजे चिंतामणी. पुण्यात कारकून होता. सकाळपासून या मुलाने तोंडातून एक शब्द काढला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला त्याचाही राग येत होता. लग्न तुझं, धावायचं मी, आणि तू उपरणं सावरत मागून येणार.

बंगल्याला कुलूप होतं. हाका मारल्या, कुणी ओ देईना. मागच्या अंगाला कुणाची तरी चाहूल लागली म्हणून मी बैलांचा गोठा शोधत गेलो. फणसाच्या झाडांआड लांबच लांब पत्र्याची शेड होती, पुढून गोणपाटाचे पडदे सोडलेले. हाच गोठा असं समजून मी एक पडदा उचलला.

आत मोटारी होत्या. एक नाही, दोन नाही, मोजता मोजता मी अकरावर पोचलो. पांढरी पासोडी पांघरून ओळीने उभ्या. मी एकेकीवरचं कापड उचलत गेलो. एक टांग्यासारख्या टपाची, लाकडी आऱ्यांच्या चाकांची. एक पितळेच्या दिव्यांची, दिवे असे घासलेले की माझा घामेजलेला चेहरा मला त्यात दिसला. एकीला बाहेरच्या बाजूला रबराचा भोंगा. एकीच्या मागच्या गादीवर मांजर व्यालेलं. माझ्या लहानपणी रस्त्यावरून अशी एखादी मोटार गेली की आम्ही शाळा सोडून मागे धावायचो. त्या सगळ्या इथे येऊन बसल्या होत्या. लोक ज्या मोटारी मोडीत काढतात त्या जमवायचा या शेठला नाद होता, हे मला पुढे कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की अख्ख्या लोणावळ्यात मी ज्या एका वस्तूसाठी पायाचे तुकडे पडेपर्यंत हिंडलो ती इथे अकराच्या संख्येने झोपा काढते आहे. आनंद व्हायचा तो बाजूला राहिला, मला संताप आला.

"कोन हाये तितं?" मागून आवाज आला. खाकी अर्ध्या चड्डीतला, पन्नाशीचा एक माणूस हातात फडकं घेऊन उभा होता. हा महिपती, शेडची राखण करणारा. पूर्वी शेठच्या गाडीवर होता. त्याच्यामागे त्याची बायको कस्तुराबाई.

मी एका दमात सगळं सांगितलं आणि विचारलं की यातली चालणारी कोणती. महिपती म्हणाला की दहांचे टायर काढून त्या विटांवर चढवल्यात, युद्धामुळं टायर मिळत न्हाईत. ही शेवटची तेवढी चालू आहे. दर सोमवारी यंत्र फिरवून बघावं असा शेठचा हुकूम आहे, त्यासाठी डब्यात पेट्रोलही आहे. माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, मग काढ बाबा बाहेर, तुझ्या शेठला मी स्वतः भेटून सांगतो.

"काढली असती मालक," तो म्हणाला, "पर आईचा कौल घ्यावा लागंल."

कोणती आई ते मला कळेना. त्याने मोटारीच्या पुढचं कापड बाजूला केलं. नाकाडावर, पाणी घालायच्या बुचावर, हात मागे पसरलेली एक वीतभर चांदीच्या रंगाची बाई उभी होती. तिला पंख होते. विलायतेतल्या कुण्या कारागिराने शोभेसाठी बसवलेली ती बाई इथे हळदीकुंकवाने माखली होती. अंगाला खणाचा तुकडा गुंडाळलेला, पायाशी मोगरा आणि सुपारी. आसपासच्या वाडीतल्या बायका मंगळवारी तिची ओटी भरायला येत. नाव गाडीआई. पोर तापाने फणफणलं की तिला नवस बोलत, आणि तिच्या हुकमाशिवाय मोटार हालत नव्हती. दोन्ही पंखांवर ओली पाकळी चिकटवायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

मी कपाळावर हात मारून घेतला. मी म्हटलं, अरे, हे पत्र्याचं बुजगावणं आहे, पाण्याचं बूच आहे, देवी कुठली? तर महिपतीच्या आधी गंगाधरपंतच माझ्यावर उखडले. शक्ती कुठेही प्रकट होते, म्हणाले, आणि चपला काढून पुढे आले. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. रेल्वेच्या वेळापत्रकावर ज्यांचा विश्वास नव्हता, त्यांचा मोटारीच्या बुचावर बसला.

महिपतीने पाकळ्या भिजवल्या, पंखांवर लावल्या, हात जोडून विचारलं, "आई, मोटर भाइर काढू का?" आम्ही उभे राहिलो. बाहेर ऊन कलत होतं. डावी पाकळी घसरली आणि पडली.

"संपलं," पंत म्हणाले. "देवीची इच्छा नाही. आजचा दिवसच धड नाही, मला सकाळपासून वाटत होतं. पुढचा मुहूर्त बघू."

मी पंतांना काय काय बोललो ते मला आठवत नाही, आणि आठवत असतं तरी सांगितलं नसतं. पोरीचं सांगितलं, मांडवाचं सांगितलं, मागच्या वेळचं सांगितलं. ते म्हणाले, ते सगळं खरं हो, पण डावा कौल घेऊन कोण लग्नाला उभं राहतं? त्या वेळी चिंतामणी पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "बाबा, तुम्ही मागून या. मी चालत निघतो." आणि धोतराचा काचा मारून खरंच निघाला. उन्हात फाटकाबाहेर पडून तळेगावच्या दिशेला लागला. पंत त्याच्यामागे ओरडत फाटकापर्यंत गेले आणि दम लागून पडवीत बसले. कस्तुराबाईने त्यांच्यासाठी चहा टाकला. मघापासूनची त्यांची तल्लफ अशा वेळी भागावी, यालाच नशीब म्हणायचं.

मी शेडमध्येच थांबलो.  देवीपुढची सुपारी उचलून मी मोटारीच्या पत्र्यावर आपटली. ती टप्पा खाऊन डावीकडे गडगडत गेली आणि खाली पडली. मी ती पुन्हा ठेवली, या वेळी हळूच. पुन्हा डावीकडे. मग मी खाली वाकून बघितलं. मोटारीची डावी चाकं खळग्यात होती. साधी गोष्ट होती. बाई डावीकडे कललेली, डावा पंख खाली झुकलेला. त्यावर पाकळी टिकणारच कशी? हा कौल शंभर वेळा लावला असता तरी शंभर वेळा डावाच पडला असता.

मी महिपतीला बोलावून खळगा दाखवला. म्हटलं, ही लबाडी आहे.  तो फडक्याने पत्रा पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाला,

"शेटचे दोस्त येत्यात मालक. त्यांचे मेव्हणे येत्यात. गावातली मोठी मानसं येत्यात. समद्यांना मोटर पायजे. कुनाला कारल्याला जायचं, कुनाला बेडश्याची लेणी बघायची. दिली आन् ओरखडा जरी आला, तर शेट मला घालवनार. न्हाई दिली तर ह्ये लोक शेटला सांगून घालवनार. मला कुनाला न्हाई म्हनता येत न्हाई. आईला येतं."

 मी चिडायला आलो होतो आणि चिडायला कुणी उरलं नव्हतं. बाई पहिल्यापासून बायकांची देवी होती, खळगा तेवढा महिपतीने पाडलेला. शाळेत मी स्वतः हेडमास्तरांना कधी नाही म्हटलं होतं का, तेही आठवून पाहिलं. मी त्याला एवढंच म्हटलं की तुझी नोकरी जावी असं मला वाटत नाही, पण माझी भाची पाटावर बसली आहे.

कस्तुराबाई चहाची भांडी घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने विचारलं, "पोरगी गौरीहरापाशी बसली आसंल न्हवं आता?"

मी हो म्हटलं.

"आन् नवरा चालत गेला?"

मी पुन्हा हो म्हटलं. ती नवऱ्याकडे बघत राहिली. महिपती मान वर करीना. मग भांडी खाली ठेवून तिने कोपऱ्यातल्या फळ्या ओढत आणल्या आणि त्याच्या पायाशी टाकल्या. "घाला चाकाखाली," म्हणाली. "शेटचं मागनं बगू."

महिपतीने जॅक लावला. मोटार कुरकुरत वर आली, डाव्या चाकांखाली फळ्या गेल्या. फळ्या जरा जाडच निवडल्या होत्या. माझ्या ते लक्षात आलं, पण मी गणिताचा मास्तर आहे हे मी त्या क्षणी विसरायचं ठरवलं.

पंतांना बोलावलं. ते म्हणाले, कौल दोनदा कसा लावता येईल? महिपतीने शांतपणे सांगितलं की दुपारच्याला आई निजलेली असती, मगाचा कौल धरायचा न्हाई. पंतांना हे लगेच पटलं. पाकळ्या लावल्या. त्या ओल्या होत्या आणि दोन्ही चिकटून बसल्या. पडेचनात. मला कुठल्याच देवीचं काही देणंघेणं नव्हतं, पण माझे हात आपोआप जोडले गेले होते आणि मी मनातल्या मनात त्या बुचाला म्हणत होतो, पाड गं बाई, पाड एकदाची. उजवी पाकळी सुटली आणि पंखावरून खाली आली.

"प्रसन्न झाली!" पंत म्हणाले आणि सगळ्यांत आधी मागच्या गादीवर जाऊन बसले.

बाकीचं वऱ्हाड मिळेल त्या गाडीने मागून येणार होतं. वाटेत वलवणच्या पुढे चिंतामणीला उचललं. चपला हातात घेऊन तो झपाझप चालत होता आणि घामाने उपरणं ओलं झालं होतं. त्याच्याबद्दल दिवसभर मनात जे जे बोललो होतो ते मी परत घेतलं. पण आमचा छळ संपला नव्हता. कारल्याच्या फाट्यावर बायकांनी गाडीआईला ओळखलं आणि रस्त्यात आडव्या उभ्या राहिल्या. आई पहिल्यांदाच बाहेर पडली होती. कुंकू लावल्याशिवाय तिला पुढे कोण जाऊ देणार? कामशेतला बाजारातल्या भाताच्या गाड्या रस्त्यावर पसरलेल्या. पंत खाली उतरून प्रत्येक गाडीवाल्याशी वाद घालायला लागले, तेव्हा मी त्यांना धरून आत कोंबलं. आणि वडगावच्या पुढे, सूर्य टेकला असताना, रानातून घरी परतणारी गुरं. सगळा रस्ता गुरांनी भरलेला. ज्यांच्या पायांच्या धुळीवरून मुहूर्ताला नाव पडलं त्याच गायींनी मुहूर्त अडवून धरला होता. महिपती भोंगा वाजवी तसतशा त्या आणखी निवांत होत. शेवटी मी कोट काढून, काठी घेऊन मोटारीच्या पुढे धावत गुरं बाजूला हाकली. तळेगावच्या वेशीतून मी असाच आलो: नवरीचा मामा, धुळीने माखलेला, हातात काठी, आणि मागे कुंकवाने लाल झालेली मोटार.

मांडवात बायका रडायला लागल्या होत्या. गुरुजींनी पंचांग मिटलं होतं, ते पुन्हा उघडलं. मी तसाच आत गेलो. अरुंधती पाटावर होती. ओंजळीतले तांदूळ संपले होते आणि ती रिकाम्या हाताने तशीच बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं पण विचारलं नाही. विचारायची तिला भीती वाटत होती, हे मला दिसलं.

"ऊठ," मी म्हटलं. "आला आहे."

तिला मी उचलूनच बोहल्यावर नेलं असतं. अक्षता पडल्या तेव्हा उजेड जेमतेम होता, पण होता. सगळे म्हणाले, मुहूर्त साधला.

महिपती रात्री मोटारीपाशीच झोपला. जेवायलासुद्धा तिला नजरेआड करून आला नाही. मी पान तिकडेच पाठवलं. सकाळी मी उठून बाहेर आलो तर मोटारीभोवती गाव जमलेलं. गावातल्या एका बड्या असामीला आजारी सासऱ्यांना बघायला जायचं होतं. दुसऱ्याला नुसतं स्टेशनापर्यंत, हवा खायला. आणि सगळ्यांच्या पुढे आमचे पंत. नव्या सुनेची वरात याच मोटारीतून पुण्याला जाणार, असं त्यांनी जाहीर केलं होतं. देवीने कौल दिलाच आहे, आता ती घरचीच म्हणायची. शेठ कोण, कुठला, याची त्यांना आठवणही नव्हती.

महिपती मोटारीला पाठ टेकून उभा होता. मान खाली, हातात तेच फडकं. मी बघितलं, मोटार आमच्या अंगणात अगदी सपाट जमिनीवर उभी होती. इथे खळगा नव्हता. पंत त्याला विचारत होते, काय रे, निघायचं ना? त्याचे ओठ हलले. तो 'व्हय मालक' म्हणणार हे मला कळलं. त्याच्यासाठी नाही म्हणायला इथे कुणी उरलंच नव्हतं.

"मोटार पुण्याला जाणार नाही," मी म्हटलं.

पंतांनी वळून बघितलं. कोण म्हणतं, त्यांनी विचारलं.

"देवी. पहाटे मी स्वतः कौल लावला. डावा पडला."

 गणिताचा मास्तर, ज्याने सत्यनारायणाच्या पोथीतसुद्धा चुका काढल्या होत्या, तो हे सांगत होता. पंत म्हणाले, मग पुन्हा लावू, काल दोनदा लावलाच होता.

"काल ती निजलेली होती," मी म्हटलं. "पहाटे चांगली जागी होती. आता तिला पुन्हा विचारायचं असेल तर तुम्ही विचारा. मी त्या पापात नाही."

पंतांनी गाडीआईकडे बघितलं, मग नव्या सुनेकडे, आणि चपला चढवून टांगा बोलवायला सांगितला. बाकीची माणसंही हळूहळू पांगली. अरुंधती दारात उभी होती. ती माझ्याकडे बघून हसली नाही, पण तिने पुढे होऊन बाईला हळदीकुंकू वाहिलं आणि कस्तुराबाईसाठी खण आणि लाडूंचा पुडा महिपतीच्या हातात दिला.

महिपतीने हँडल मारलं. यंत्र धडधडायला लागलं. बसण्याआधी तो माझ्यापाशी आला. काल दुपारपासून तो मला मालक म्हणत होता.

"येतो मामा," तो म्हणाला.